जिरे, मिरे आणि शाईचे पेन

गेल्या जानेवारीत वाण्याकडून आलेल्या सामानात पाव किलो मिरे निघाले. आमच्या घरात माणसे दोन. मिरे लागतात ते सणासुदीच्या मसालेभातापुरते किंवा सर्दीच्या काढ्यापुरते. पाव किलो मिरे आम्हाला तीन वर्षे तरी पुरले असते. बिलावरचा आकडा पाहिला आणि पुडी हातात घेऊन मी तावातावाने दुकानात गेले. वाण्याने एक शब्दही न बोलता गल्ल्याशेजारच्या तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांतून माझी चिठ्ठी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. “काकू, तुम्हीच वाचा.” मी वाचली. तेथे मिरे लिहिले होते. म्हणजे मी जिरेच लिहिले होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण ‘ज’चा डावीकडे झुलणारा आकडा घाईत सरळ खाली उतरला होता, त्याच्या टोकाला एक गाठ बसली होती, आणि झाला होता चक्क ‘म’. वाण्याने मिरे परत घेतले, जिरे दिले, उरलेले पैसे माझ्या खात्यावर मांडले आणि वर अगदी प्रेमाने म्हणाला, “हल्ली व्हॉट्सॲपवरच पाठवत चला ना यादी.”

ते वाक्य मला लागले.

शाळेत असताना माझे अक्षर फळ्यावरच्या सुविचारासाठी निवडले जात असे. भाषांतराचे काम करते, म्हणजे दिवसभर अक्षरांतच असते. पण ती सगळी कळफलकावरून उमटलेली, एकसारखी, कोणाचीही असू शकतील अशी अक्षरे. हाताने लिहायचे उरले आहे ते वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, कुरिअरवाल्यासमोरची सही आणि भाषांतराचे कच्चे खर्डे, जे मी अजूनही पाठकोऱ्या कागदांवरच करते. त्या दिवशी घरी येऊन पेनदाणी उपडी केली तर तीत अकरा बॉलपेने निघाली, आणि त्यांतले एकही मी विकत घेतलेले नव्हते. औषधांच्या कंपन्या, लग्नाचे आहेर, चर्चासत्रांच्या पिशव्या, सोसायटीची वार्षिक सभा, जेथून मिळेल तेथून ती आली होती. जे पेन हाताला लागेल त्याने लिहायचे, उमटले नाही तर कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल गिरवून त्याला जागे करायचे, तरीही नाही उमटले तर जोर लावायचा. मधल्या बोटाच्या पेराला त्या जोराचे घट्टे पडले होते. ‘ज’चा ‘म’ होण्याचे खापर मी त्या अकरांवर फोडले, आणि रोजच्या लिहिण्यासाठी एक शाईचे पेन घ्यायचे ठरवले. पाचशे रुपयांच्या वर जायचे नाही, हेही तेव्हाच ठरवले. त्या मर्यादेचे कारण पैसे एवढेच नव्हते. त्याचे कारण अण्णा होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीच्या मोसमात तेथल्या हवेलाच रंग असायचा. पोती फुटायची, सौदे व्हायचे, आणि संध्याकाळी अण्णा घरी यायचे ते कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळे होऊन. त्यांचे पेनही पिवळे असे. पेन मूळचे काळे, एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. उन्हाने आणि हाताच्या घामाने त्याचा काळा रंग विटून तपकिरी झालेला, आणि टोपणाच्या क्लिपेखालच्या खाचेत हळदीची एक रेघ कायमची बसलेली. शर्टाच्या खिशावर शाईचा निळा डाग, भोवती हळदीचा पिवळा, आणि आईने साबण लावला की त्या पिवळ्याचा लालभडक. हळदीला खार लागला की ती लाल होते, हे शास्त्राच्या तासाला प्रयोग करून दाखवले गेले तेव्हा वर्गातल्या मुली चकित झाल्या होत्या. मी झाले नाही, कारण तो प्रयोग आमच्या मोरीत दर आठवड्याला होत असे.

रविवारी सकाळी पेन धुण्याचा कार्यक्रम असे. अण्णा पाटावर बसत, समोर कोमट पाण्याची वाटी, जुन्या धोतराचे फडके, शाईची दौत आणि ड्रॉपर. पेनाचे भाग वेगळे होत: टोपण, नळी, निब धरणारा तुकडा, निब आणि तिच्या खालची ती काळी, खाचाखाचांची जीभ. पाण्यात जीभ बुडाली की तिच्यातून निळ्या धुराची बट निघून वाटीभर पसरायची. ओल्या एबोनाइटला गंधकाचा मंद, काडेपेटीसारखा वास येतो. शेवटी आट्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे देऊन, त्यावर मेण फिरवून ते पेन घट्ट बंद करत. आणि मग चाचणी म्हणून एका कागदावर लिहीत, दर रविवारी तेच: आधी ओळभर लांब आडवी रेघ, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत ‘श्री गणेशाय नमः’. मोडीत अशीच आधी रेघ ओढतात आणि मग अक्षरे लिहितात. आजोबा मोडीत कीर्द लिहीत. त्यांची ही लकब अण्णांनी बाळबोध लिहितानाही सोडली नव्हती. मला ती निव्वळ जुनी खोड वाटायची.

आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईचे पेन असा दंडक होता. पाचवीच्या पहिल्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलींच्या बोटांना निळे टोक आलेले असे. शाई संपली तर शेजारणीकडून थेंबाथेंबाने उसनी घ्यायची, एका निबेवरून दुसऱ्या जिभेवर. आणि ती परत करायची असते, हे दोघींच्याही लक्षात राहायचे. वहीवर डाग पडला तर टीपकागद कोणाकडे असणार, फळ्याखालचा खडूचा तुकडा त्या डागावर आडवा ठेवायचा, की तो शाई पिऊन घ्यायचा. निब खरखरायला लागली तर व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर तिला आठचा आकडा काढत घासायचे. स्वस्तातल्या निबांना टोकाला कठीण धातूचा ठिपका नसायचा, पत्र्याचेच टोक दुमडलेले असायचे. त्यामुळे अशा दोन-तीन शुश्रूषांत ती निब कायमची जायबंदी व्हायची. दौत मात्र सगळ्यांकडे एकच, उंटाची. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या मालावर घोडा होता. उंट नंतर आला, फाउंटन पेनाच्या शाईबरोबर. आम्हाला तो उंट इतका ओळखीचा होता, की चित्रकलेच्या तासाला वाळवंट काढायचे असले की तिघी-चौघी दौत पुढ्यात घेऊन बसायच्या.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक परदेशी पेन दिले. निळ्या मखमलीची डबी, आत झोपलेले काळेभोर पेन, सोनेरी निब, तिच्यावर केसाएवढी बारीक नक्षी. घरी आल्यावर ते सगळ्यांच्या हातातून फिरले. आईने किंमत विचारली, अण्णांनी सांगितली नाही. “शाई भरू का?” असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “सहीचं पेन आहे ते. लिहायचं नव्हे.” निवृत्त माणसाला सह्या कितीशा कराव्या लागतात? पेन्शन नव्हतीच, वर्षातून एखादा अर्ज, एखादी पावती, आणि तीही त्यांनी जुन्याच पेनाने केली. मखमलीतल्या पेनात शाई कधी गेलीच नाही. अण्णा गेले, ती डबी माझ्याकडे आली. त्यांचे ते हळदीचे पेन मात्र घर आवरताना कोठे गेले ते कोणालाच आठवत नाही. आता मला असे वाटते, की आम्ही चुकीचे पेन जपून ठेवले. पण त्या गडबडीच्या दिवसांत मखमलीची डबी दिसली आणि मेण लावलेले, विटलेले पेन दिसले नाही, हेही खरेच आहे. मिऱ्यांच्या प्रकारानंतर मी ती डबी एकदा कपाटातून काढली, दौतीजवळ नेली, आणि तशीच परत ठेवली. ज्या पेनाची भीती वाटते त्याने वाण्याची यादी लिहिता येत नाही. पडले तर चुकचुकून पुढे जाता येईल, कोणी मागितले तर पटकन देता येईल, आणि हरवले तर रात्रीची झोप जाणार नाही, असे पेन मला हवे होते. माझ्या मोजमापाप्रमाणे अशी किंमत पाचशेच्या आतच बसते. ज्याची झोप दोन हजारांना जात नाही त्याने खुशाल दोन हजारांचे घ्यावे.

पहिला प्रयत्न फसला. घरबसल्या मागवलेले, फोटोत देखणे दिसणारे एक धातूचे पेन आले. हातात घेतले तर लाटण्यासारखे जड, आणि टोपण मागे लावले की त्याचा तोल मनगटाकडे जायचा. निबेची दोन पाती एका पातळीत नव्हती. वरची रेघ यायची, खालची कागद ओरबाडायची. ते आता पेनदाणीत बारावे म्हणून उभे आहे. पेन घ्यायचे तर हातात धरून, लिहून पाहून घ्यायचे, हा धडा तीनशे रुपयांना पडला, आणि एका रविवारी नव्हे, मुद्दाम गर्दी नसलेल्या मंगळवारी दुपारी मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेले.

दुकानातले आजोबा सत्तरीच्या पुढचे असावेत. त्यांनी किंमत न विचारता आधी विचारले, “काय लिहिता?” मी म्हटले, वाण्याची यादी. ते हसले नाहीत. “आणि कशावर?” पाठकोऱ्या कागदांवर, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि स्टीलच्या ताटलीत एकेक पेन मांडायला सुरुवात केली. शांघायचे हीरो, ज्याची निब टोपीत तोंड लपवल्यासारखी जवळजवळ सगळी आत असते, आणि जे ऐंशी-नव्वदच्या दशकांत मामा-काकांच्या खिशात हमखास दिसायचे; लक्सर कंपनीमुळे भारतात सहज मिळू लागलेले पार्कर; हसऱ्या चेहऱ्याची निब असलेले जपानी पायलट, लहान मुलांसाठी केलेले आणि मोठ्यांनी पळवलेले; मुंबईचे जाडजूड, पारदर्शक वॉलिटी, ज्यात किती शाई उरली ते उजेडाकडे धरून पाहता येते. लॅमीचे पिवळे पेन त्यांनी दाखवले, किंमत सांगितली आणि स्वतःच परत ठेवले. बाजूला उघडी दौत, फडके आणि गुळगुळीत कागदाचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यावर माझ्याआधी आलेल्यांच्या चाचण्या होत्या: सह्या, श्री, आणि एका पोराने लिहिलेले एका मुलीचे नाव, अकरा वेळा. मी पेन बुडवून लिहिले: जिरे, मिरे, जिरे, मिरे. आजोबांनी चष्म्यावरून पाहिले, पण काही विचारले नाही.

इंग्रजी लिहिणाऱ्याला मध्यम निब शोभून दिसते. आपल्या लिपीचे तसे नाही. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, तिच्या शेजारी अनुस्वार, त्यात रफार, खाली उकार, आणि मध्येच ‘ष्ट्य’सारखे तीन मजली जोडाक्षर. मध्यम निबेने मी ‘ज्येष्ठांना’ लिहिले तेव्हा ‘ष्ठ’चे पोट शाईने भरून गेले, आणि अनुस्वार शिरोरेघेत बुडाला. बारीक निबेने तेच अक्षर मोकळे झाले, डोळ्यांना श्वास घेता आला. जपानी निबा युरोपी निबांपेक्षा एका घराने बारीक असतात. त्यांच्याही अक्षरांत रेघांची दाटी आहे, त्यांना ही अडचण आपल्यासारखीच ठाऊक असणार. पण फार बारीक निब आमच्या पाठकोऱ्या कागदांचे तंतू उपसून आपल्या चिरेत अडकवते, आणि मग रेघेला मिशी फुटते. आजोबा प्रत्येक पेनामागे एकच वाक्य म्हणत होते, “हलकं धरा, मॅडम. बॉलपेन नाही हे.” बॉलपेनात ती गोळी फिरावी म्हणून जोर लावावा लागतो; येथे शाई निबेच्या चिरेतून आपल्या आपण उतरत असते, कागदाला फक्त स्पर्श व्हायचा असतो. मला हे समजत होते, हाताला समजत नव्हते. निब दाबली जाऊन तिची पाती फाकत होती आणि रेघेच्या जागी रेल्वेचे रूळ उमटत होते.

सोन्याच्या निबेचे एवढे कौतुक का, असे मी विचारले. आजोबांनी भिंग दिले. टोकावरचा तो चकाकणारा दाणा दाखवून म्हणाले, कागदाला लागतो तो एवढाच, सोनं काय नि पोलाद काय, मागेच राहतं. त्या दाण्याला सगळे इरिडियम म्हणतात. प्रत्यक्षात त्यात ऑस्मियम, रुथेनियम अशा इतर कठीण धातूंचे मिश्रण असते, आणि इरिडियम पुष्कळदा नावापुरतेही नसते. चांगला दाणा नीट घासलेला असेल तर पोलादी निब तितकीच सुरेख चालते. मी निवडलेल्या पेनाची निब थोडी उजवीकडे अडखळत होती. त्यांनी भिंगातून पाहिले, अंगठ्याच्या नखाने एक पाते नाजूकपणे, चोराने कडी काढावी तसे खाली दाबले, पुन्हा लिहून पाहिले, आणि पेन माझ्या हातात दिले. ती दोन मिनिटे मला घरबसल्या मिळाली नसती.

घेतले ते पेन तीनशे ऐंशी रुपयांचे. टोपणावर काही कोरलेले आहे, पण इतके पुसट, की वाचता येत नाही. ड्रॉपरने शाई भरायचे, एबोनाइटची जीभ असलेले, वजनाला हलके. आजोबांनी कन्व्हर्टरचे, म्हणजे आत शाई ओढून घेणारी छोटी नळी असलेले पेन घ्या असे दोनदा सुचवले, ते स्वच्छ असते, सोयीचे असते; पण कन्व्हर्टरमध्ये जेमतेम अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, या पेनाच्या पोटात दोनाहून अधिक. 60 मिलिलिटरच्या दौतीत ते पंचवीस-तीस वेळा भरेल. मी हा हिशेब त्यांना ऐकवला, आणि तो खोटा नव्हता, पण खरे कारण वेगळे होते: नळी उघडली तेव्हा तिला काडेपेटीचा वास आला. शाई निवडताना त्यांनी विचारले, पक्की देऊ की धुतली जाणारी? पूर्वीच्या पक्क्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा अंश असे, ती कागदावर हवेने हळूहळू काळी पडत जाई आणि पाण्याला दाद देत नसे. दस्तऐवज तिनेच लिहिले जात. मला आईचे मोरीत घासून लाल झालेले हात आठवले, आणि मी रॉयल ब्लू, धुतली जाणारी, असे सांगितले.

पहिला आठवडा पेनाशी भांडण्यात गेला. कपड्यांच्या दुकानातल्या पावतीच्या मागे शाई उभीच राहीना. स्वस्त वहीत ती फुटायची आणि प्रत्येक अक्षराला कोळ्याचे पाय यायचे. आणि एका दुपारी, खर्ड्याचे चौथे पान रंगात आलेले असताना, निबेतून एक टपोरा थेंब आपल्या आपण खाली आला आणि अर्धा परिच्छेद घेऊन गेला. मी पेनाला शिव्या घातल्या. नंतर नळी उघडून पाहिली तर शाई तळाला गेलेली होती, आणि तेव्हा उलगडा झाला. ड्रॉपरच्या पेनात शाई कमी झाली की तिची जागा हवा घेते. तासभर हातात धरलेल्या पेनाला हाताची ऊब लागते, ती हवा फुगते आणि उरलेल्या शाईला बाहेर ढकलते. भरलेले पेन गळत नाही, रिकामे होत आलेले गळते. “अर्ध्यावर आलं की भरायचं,” असे अण्णा मला दहा वेळा तरी म्हणाले असतील, आणि तो मला दिवाणजींचा टापटिपीचा सोस वाटला होता.

तसेच त्या आडव्या रेघेचे. मी शब्द लिहून मग शिरोरेघ द्यायची, सगळे देतात तशी. बॉलपेनाने त्यात काही बिघडत नाही. शाईच्या पेनाने बिघडते: अक्षरांच्या डोक्यावरची शाई अजून ओली असते, रेघ तिच्यातून ओढली की निब प्रत्येक दांडीपाशी थोडी शाई उचलते, थोडी सांडते, आणि रेघेवर मणी ओवल्यासारख्या गाठी पडतात. आधी रेघ ओढली तर पुढची अक्षरे लिहून होईपर्यंत ती वाळलेली असते. अण्णांनी ही गोष्ट कोणाला शब्दांत सांगितली होती असे मला वाटत नाही. मी आता कच्च्या खर्ड्यात तशी रेघ ओढते. सरळ येत नाही. कणकेच्या लाटीसारखी मध्येच फुगते. पण रेघ आधी ओढली, की पुढे किती अक्षरे मावतील याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि अंदाज घेण्यापुरता हात थांबतो. ‘ज’चा आकडा त्या थांबण्यात पुन्हा डावीकडे झुलू लागला. माझे अक्षर सुधारले असे मी म्हणणार नाही, ते हळू झाले आहे. यजमान म्हणतात की फरक पडलेला नाही, पण त्यांचे स्वतःचे अक्षर डॉक्टरांचे आहे.

जुलैमध्ये मी एक देखणी यादी केली. तूरडाळ, साबुदाणा, गूळ, आणि सहाव्या ओळीवर, जाणूनबुजून, थोड्या मोठ्या अक्षरांत, जिरे पाव किलो. चांगला जाड पाठकोरा कागद घेतला होता. सगळ्या शिरोरेघा आधी ओढल्या होत्या. चिठ्ठी पर्समध्ये न ठेवता हातातच घेतली होती, ती वाण्यासमोर कशी धरायची हेही मनाशी ठरलेले होते. कोपऱ्यावर पाऊस आला. छत्री होती, पण पुण्याचा जुलैचा पाऊस वरूनच येतो असे नाही. दुकानाच्या पायरीवर पोचले तेव्हा माझ्या हातात सुंदर निळ्या रंगाचे एक आकाश होते, ढगांसकट. रेघा तेवढ्या कोठे कोठे दिसत होत्या.

वाण्याने तो कागद दोन बोटांनी उचलून दिव्याकडे धरला, उलटा करून पाहिला, आणि बराच विचार करून म्हणाला, “अक्षर या वेळी चांगलं असावं, काकू.” मग त्याने गल्ल्याला सुतळीने बांधलेले, टोपण नसलेले, मागच्या टोकाला चावलेले बॉलपेन घेतले, बिडीच्या पुड्याचा पुठ्ठा पुढे ओढला आणि मला सांगा म्हणाला. मी सांगत गेले, तो ग्राहकांशी बोलत, पोराला ओरडत, पुठ्ठ्याकडे नीट न पाहता लिहीत गेला. यादी संपल्यावर मी वाकून पाहिले. सहाव्या ओळीवर जिरे लिहिले होते, कोणीही वाचावे इतके स्वच्छ.